मुशी वर्षाआड विते

धक्क्यावरच्या शेडमध्ये त्यांना सगळे मुशीकाकू म्हणत. बाकीचे मासे कापायला वीसेक बायका होत्या, पण मुशी, म्हणजे शार्क, आली की सरळ काकूंच्या ओंडक्यावर. तेवीस वर्षं हेच काम. मुशीच्या खरबरीत कातड्यानं भल्याभल्यांच्या सुऱ्या बोथट व्हायच्या, काकूंचा हात मात्र लोण्यातून फिरावा तसा फिरायचा. शेजारी त्यांची धाकटी जाऊ. तिची सुरी चाले त्याहून जास्त तिची जीभ चालायची.

एका सकाळी मत्स्य खात्यातली संशोधक मुलगी मोजपट्टी घेऊन आली. समुद्रातून किती मुश्या पकडाव्यात हे तिच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं होतं, आणि ते मादी दरवर्षी विते असं धरून.

"दरवर्षी?" काकूंची सुरी थांबली. "कोण म्हणतं?"

"पुस्तकात आहे, काकू."

"मग पुस्तकवाल्यानं मुशीचं पोट उघडून बघितलेलं नाही. ती वर्षाआड विते. मधलं वर्ष भाकड."

जाऊ खदखदली. "घ्या! आता मुशीची बाळंतपणंही आमच्या जाऊबाईच करणार!"

मुलगी हसली नाही. "कशावरून म्हणता?"

काकूंनी एक गाभण मादी उघडली. आत सात पिल्लं, वीतभर लांब, हुबेहूब आईसारखी. "आता हिची अंडी बघ. मोहरीएवढी." मग तेवढीच मोठी दुसरी मादी. तिची पिशवी सैल, रिकामी, पण अंडी लिंबाएवढी. "पोटात पिल्लं असताना अंडी वाढतच नाहीत. व्याल्यावर कुठं भरायला लागतात, त्यात वर्ष जातं. दोन्ही एकदम मी कधीच पाहिलेलं नाही."

मुलगी धावतच ऑफिसात गेली आणि तोंड पाडून परत आली. "साहेब म्हणाले, मासे कापणाऱ्या बाईच्या शब्दावर नियम बदलायचे का?"

काकूंना ते फार लागलं. मग सुरी पुसत म्हणाल्या, "माझा शब्द राहू दे. मुशीलाच बोलू दे. तू रोज ये."

मुलगी दोन वर्षं रोज आली. प्रत्येक मोठी मादी आधी मोजायची, मग काकू ती उघडायच्या, मग मुलगी अंडी आणि पिल्लं तपासायची. काकूंचा पाय मुरगळला तेव्हा त्या स्टुलावर बसून कापत राहिल्या. शेवटी शेवटी तर जाऊच ओरडायची, "अगं, थांबा, ही मोठी दिसते, आधी पोरीला दाखवा!" तीनशे चाळीस माद्या झाल्या. वाढलेली अंडी आणि पिल्लं एकाच पोटात एकदाही सापडली नाहीत.

नियम ठरवायच्या खात्याच्या बैठकीला बोटमालक आले, साहेब आले. काकू धुतलेला एप्रन घालून पुढच्या खुर्चीत बसल्या. मुलीनं आकडे मांडले. साहेब म्हणाले, "एखादी नजरेतून सुटली असेल."

"असेल ना," काकू उठल्या. "आजचा माल बर्फात आहे. चला, तुमच्या हातानं निवडा."

सगळी बैठक शेडमध्ये लोटली. साहेबांनी बारा माद्या निवडल्या. काकू एकेक उघडत गेल्या. चौथीला साहेबांनी चष्मा काढून पुसला. आठवीला कोट काढून ते ओंडक्याशी वाकले. बारावीनंतर हळूच म्हणाले, "वर्षाआड."

"मोठ्यानं, साहेब! मागं ऐकू येत नाही!" जाऊनं हाळी दिली.

साहेबांनी हसून, मोठ्यानं, पुन्हा सांगितलं. शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

नियम बदलला. मुश्या विण्यासाठी ज्या खाडीत येतात ती विण्याचे दोन महिने बंद झाली. बोटमालक कुरकुरले, तेव्हा काकूंनीच सुनावलं, "दरवर्षी निम्म्याच व्यायच्या आणि पकडायच्या मात्र सगळ्या! मग पुढं काय, पाणी पकडणार?"

खाडीतली पिल्लं मोजायला मुलगी दरवर्षी छोटं जाळं टाकू लागली. पहिल्या वर्षी अकरा आली. पाचव्या वर्षी ती काकूंना आणि जाऊला होडीत बसवून घेऊन गेली. जाळं वर आलं ते वळवळतच. त्या दिवशी एकशे सोळा निघाली. काकूंनी जन्मात जिवंत मुशी पाहिली नव्हती. मुलीनं एका पिल्लाच्या पराला खुणेचा बिल्ला लावला आणि ते त्यांच्या ओंजळीत दिलं. केवढी ताकद त्या इवल्याशा अंगात! काकूंनी हात पाण्यात बुडवले. पिल्लानं शेपटीचा फटका मारून त्यांना नखशिखांत भिजवलं आणि ते सुळकन निघून गेलं.

"पळ, बाई, पळ!" काकू होडीत उभ्या राहून ओरडल्या, आणि जाऊनं त्यांचा पदर घट्ट धरून ठेवला.