हाडांच्या थराखाली

शेकाराऊ विहीर खणायला उतरला की त्याच्या कमरेचा दोर अजुजीच्याच हातात. शेकाराऊ गोबिरचा, अजुजी कात्सिनाचा. या दोन घराण्यांनी जन्मभर एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाट्टेल ते टोमणे मारायचे आणि रागवायचं मात्र नाही, हा आमच्या गोरोन्यो गावातला रिवाज. दोघांच्या बायकांचे कान किटले, पण यांची तोंडं थकली नाहीत.

शेकाराऊ कशाला भ्यायचा नाही, फक्त हाडांच्या थराला. आमच्या टेकड्यांखाली तो जागोजागी आहे. हाडं शोधत आलेली एक बाई सांगून गेली, इथे पूर्वी समुद्र होता, त्यात सुसरीहून मोठे सरडे पोहायचे. असतील बापडे! शेकाराऊला एवढंच ठाऊक, की त्या हाडांखालची काळी माती अवलक्षणी, कधी घसरेल नेम नाही. हाड दिसलं की तो वर यायचा आणि दुसरी जागा धरायचा.

त्या उन्हाळ्यात दुसरी जागाच उरली नाही. आम्ही बायका रिकामी भांडी घेऊन काठावर बसलो होतो. वारा पडला होता.

"जबडा लागलाय रे," खालून आवाज आला. "दात शाबूत आहेत."

"तुझ्या आजोबांचा असेल! सलाम कर आणि खण," अजुजी ओरडला. आम्ही हसलो.

बराच वेळ कुदळ वाजत राहिली. मग थांबली.

"अजुजी, भिंत हलतेय. ओढ मला."

"गुलामाला एवढ्यात सुट्टी? आधी पाणी दाखव!"

"अरे, खरंच सांगतोय. ओढ!"

"'खरंच' तर तू रोजच म्हणतोस!"

आणि थट्टेत तो रोज तसं म्हणायचाही. अजुजीनं हसत हसत दोराला हात घातला, तेवढ्यात खालची माती बसली. दोर ताठ झाला, आणि कितीही ओढला तरी हलेना.

माती उपसून मयत बाहेर काढली ती दुसऱ्या दिवशी. गोबिरचा माणूस गेला की कात्सिनावाल्यानं कबरीत उतरून वाट अडवायची, लोकांनी हसून काहीतरी हातावर ठेवलं की बाहेर यायचं. त्यानं दुःख हलकं होतं म्हणतात.

अजुजी उतरला. "हा गुलाम माझा आहे," तो म्हणाला. "याला मातीत घालू देणार नाही."

सवयीनं लोक हसले. कुणीतरी सुपारीसारखी चघळायची कोलाची फळं पुढे केली. त्यानं ती घेतली नाही.

"नका रे घालू," अजुजी म्हणाला, आणि लोक आणखीच हसले.