दोन क्विंटलची डबी

आमच्या घरात कुठल्याही वस्तूची किंमत कापसात सांगायची खोड होती. फ्रिज चार क्विंटलचा, माझी कॉलेजची फी तीन क्विंटलची. शेत विकून आम्ही यवतमाळला राहायला आलो, मी कचेरीत चिकटलो, महिन्याच्या महिन्याला पगार होऊ लागला, तरी ही खोड सुटली नाही. तिनंच माझा घात केला असं मी पुष्कळ दिवस म्हणत असे. पण तोंड माझंच होतं, खोडीला कशाला बोल लावू?

ऐपतीपेक्षा जरा वरचढ अशी एक जुनी गाडी मी घेतली होती. दसऱ्याच्या सुमारास ती सकाळी सुरू व्हायला नखरे करू लागली. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. दिग्रसच्या एका ओळखीच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून बॅटरीच्या टोकाला बसवलेली काळी डबी दाखवली.

"साहेब, बॅटरी बरोबर हाये. हा सेन्सर गेला. बॅटरीत किती दम हाये, हे हा गाडीले सांगते. हा खोटं बोलला का गाडी बसलीच म्हणून समजा."

किंमत साडेआठ हजार. काड्यापेटीएवढ्या वस्तूचे! मी त्या बिचाऱ्यावर खेकसलो, लुटारू म्हणालो. यवतमाळच्या शोरूमनंही तोच आकडा सांगितला तेव्हा तर मी हट्टालाच पेटलो. टाकणारच नाही म्हटलं. पैसे होते. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला माझी कीव यायला नको.

दिवाळीनंतर ताई आणि भाऊजी लग्नाची पत्रिका घेऊन आले. ताई बोरी अरबला दिलेली, घरची शेती. तिच्या पोरीचं दिग्रसला जमलं होतं. चहा घेता घेता ताई म्हणाली, "मी तं सासरी एसटीनं गेलती. माही पोरगी मामाच्या गाडीत बसून गेली पाह्यजे. बाकी मले तुह्याकडून काही नको."

तिनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि मी काय केलं, तर माझं रडगाणं सुरू केलं. "ताई, गाडीचा काही भरोसा नाही. सेन्सर गेला. किंमत माहीत आहे? एवढ्याशा डबीले दोन क्विंटल कापूस! कोण देते?" आणि वर हसलो. ताईही हसली. भाऊजी हसले नाहीत. कपात पाहत "दोन क्विंटल" एवढंच पुटपुटले.

आठ दिवसांनी भाऊजी एकटेच आले. खिशातून रबर लावलेल्या नोटा काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या.

"साळेबुवा, ते डबी टाकून घ्या."

"पैसे कुठून आणले, भाऊजी?"

"गावात खेडा खरेदीवाला आलता. दोन क्विंटल देऊन टाकला."

ते बोंडअळीचं वर्ष होतं. घरात आलेला कापूसच थोडका, तो संक्रांतीनंतर भाव चढेल म्हणून त्यांनी राखून ठेवलेला. दारात येणारा व्यापारी काय भाव देतो आणि वजनात किती कापतो, हे मला शिकवायला नको होतं. मी "राहू द्या" म्हणालो. एकदाच म्हणालो. "पोरीची हौस हाये, ठेवा" म्हणत त्यांनी नोटा पुढं सरकवल्या आणि मी त्या उचलल्या. आहेरात भर घालून परत करू, असं मनाशी म्हटलं. आहेर आधी ठरवला होता तेवढाच केला. लाज वाटते.

पाठवणीच्या दिवशी गाडी एका चावीत सुरू झाली. भाऊजी मांडवात जो भेटेल त्याला सांगत होते, "माह्या साळ्यानं पोरीसाठी मुद्दाम खर्च करून गाडी नीट केली." पाहुणे माझ्याकडं कौतुकानं पाहत होते. मी गाडीच्या बॉनेटवरची फुलं सारखी करत उभा राहिलो.

नंतर दोनदा पैसे घेऊन बोरीला गेलो. दोन्ही वेळा भाऊजी म्हणाले, "कायचे पैसे? मले तं काही आठवत नाही." त्यांना सगळं आठवत होतं.

परवा भाचीचा फोन आला. तिच्या गाडीचा तोच सेन्सर गेला होता. "मामा, एवढ्याशा डबीचे किती पैसे मागून राह्यले! माह्या लग्नात तुमी एवढा खर्च कसा केला हो?"

ती माहेरी आलेली होती. खरं सांगावं म्हणून मी घसा साफ केला, तेवढ्यात मागून भाऊजींचा थकलेला आवाज आला, "मामा हाये तो. मामा करतेच."

मी "हो" म्हणालो.