रुपाबाईची टरबुजाची वाडी

पैनगंगेच्या रेतीत टरबूज लावणाऱ्या रुपाबाईचं गावात कुणाशी पटत नसे. नदीशी तेवढं पटे. रेती कुठं ओली आहे, मरळ मासा कुठल्या कपारीत दडतो, हे तिला ठाऊक. टिटवीच्या अंड्यांकडे वेल सरकला तर ती वेल वळवी. माणसांना एवढी जागा तिनं कधी सोडली नाही.

दरवर्षी दिवाळीआधी नदीवरच्या बंधाऱ्याच्या मोऱ्यांत बरगे, म्हणजे लोखंडी फळ्या, बसत आणि पाणी तुंबे. यंदा ते बसलेच नाहीत. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाची, एरवी पाण्याखाली जाणारी रेती उघडी पडली आणि बाईला मोह झाला. मार्गशीर्षात तिनं चर खणले, शेणखत भरलं, बी टाकलं. माघात मुठीएवढी फळं धरली, तेव्हा काठावरचा शेतकरी दौलतराव ट्रॅक्टरमध्ये बरगे घालून आला. त्याच्या गव्हाचा दाणा भरायचा होता, त्याला पाणी हवं होतं.

"वाडी काढ, बुढे. पानी चढंल."

"फळ धरलं हाये. महिनाभर थांब."

"गहू थांबंल काय? इथं लावाले तुले कोनं सांगतलं होतं?"

"कोल्हा बरा तुह्यापेक्षा, दौलत्या. तो पिकलेलंच खाते."

गडी गोविंदा हसला. दौलतरावानं डोळे वटारले, तसा तो बरगे बसवू लागला.

एकेक मोरी बंद झाली. शेवटच्या मोरीचा तळाचा बरगा भिंतीच्या काठावर आडवा पडला होता. रुपाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हातारी दमली असेल, म्हणून कुणी हटकलं नाही. तिनं हात मागं टेकले, दोन्ही टाचा लोखंडाला लावल्या आणि जोर केला. बरगा खालच्या डोहात गेला.

गोविंदानं बुड्या मारल्या. हाती गाळच आला. तळाचाच बरगा नाही, म्हणून वरचेही बसेनात; त्या मोरीतून पाणी वाहतच राहिलं.

"तुह्या हातचं टरबूज या गावात कोनी घेनार नाही," दौलतराव म्हणाला.

"देनार कोन हाये?"

गहू चिमला. फाल्गुनात टरबुजं पिकली. रुपाबाई टोपली घेऊन रोज पलीकडे, हिंगोलीच्या काठाला जाई. एके सकाळी दौलतरावाची बायको चतुराबाई वाटेत उभी होती.

"काकू, एक द्या. पोरगी तापानं फनफनली हाये, टरबुजाचाच हट्ट धरून राह्यली."

रुपाबाईनं टोपली खाली ठेवली नाही.

"पोरीच्या बापाले पाठव मागाले," ती म्हणाली आणि तिनं पाण्यात पाय टाकला.

दौलतराव आला नाही. तिनंही वाट पाहिली नाही.