रांजणमामाची तहान

मामा बदनापूरहून गावी येणार असं कळलं, की आजी डाळ शिजायला टाकायच्या आधी हंडा भरून ठेवायची. दारात पाय ठेवला की तांब्या, जेवताना तांब्या, झोपताना उशाशी कळशी. एस.टी.त तो पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसायचा आणि लघवीसाठी गाडी थांबवायला लावायचा. कंडक्टर वैतागला की मामा म्हणायचा, "साहेब, आपली टाकी फुटकी हाय. भरतो अन् सांडतो." आमच्या गावात, धावड्यात, त्याला सगळे रांजणमामा म्हणत. उन्हाळ्यात टँकरपाशी मात्र बायका त्याच्या नावानं बोटं मोडायच्या. तेव्हा तो हसायचा नाही, मान खाली घालून रांगेच्या शेवटी उभा राहायचा.

त्याचं खरं नाव दगडू. त्याच्याआधी आजीचे दोन मुलगे तान्हेपणीच तापानं सुकून गेले होते. म्हणून हा झाला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला शेजारच्या धनगरीण गोदामायच्या ओटीत टाकलं, आणि वर्षानं मूठभर ज्वारी देऊन 'विकत' परत घेतलं. गोदामाय शेळीच्या दुधात निम्मं पाणी घालून पाजते म्हणून आजी तिच्याशी कडकडून भांडली होती. तरी शेवटी म्हणायचीच, "परक्याचा केला, म्हणून जगला."

पुढे बाळंतपणानंतर मी आजीकडेच होते. माझ्या मुलाचा ताप उतरेना, दूध ओकायचा, अंग धरेना. तान्ह्याला पाणी बाधतं, म्हणून आजीनं थेंब लागू दिला नव्हता. मामा बघायला आला. त्यानं ओल्या दुपट्यांचा ढीग पाहिला, बाळाची कोरडी जीभ पाहिली, आणि उकळून गार केलेलं पाणी चमच्यानं त्याच्या ओठाला लावलं. पोरगं चमचा सोडेना. मामानं बाळाला उचललं. "हा माझ्यावर गेलाय. जल्दी दवाखान्यात चला."

शहरातल्या डॉक्टरांनी बाळाला आणि मामाला, दोघांना तपासलं. 'पाणी धरून ठेव' असा निरोप घेऊन मेंदूतून एक संप्रेरक मूत्रपिंडाकडे जातं, म्हणाले. तिथल्या पेशींवर ते पकडणारे ग्राही असतात. या दोघांचे जन्मतःच बिघडलेले. दोष आईकडून मुलाकडे येतो, आणि पहिला उपाय पाणीच.

"म्हंजे सांगणारा बराबर सांगून राह्यला, ऐकणारंच कुणी न्हाई," मामा म्हणाला. डॉक्टर हसले.

बाहेर बाकावर बसल्यावर मात्र तो म्हणाला, "माझ्या त्या दोन भावान्ला पाणीच पायजे होतं गं. मला गोदामायनं पाजलं, म्हणून मी राह्यलो." मग म्हणाला, "आईला न्हाई सांगायचं. बिलकुल न्हाई."

घरी आलो तर आजी उंबऱ्यातच. "ह्यालाबी गोदाच्या ओटीत घाला. दगडू तसाच जगला." मला असा संताप आला! खरं काय ते तोंडावर फेकावंसं वाटलं. मामानं बाळ माझ्याकडून काढून घेतलं. "बराबर हाय तुझं, आई. पर मंग तिच्या घरची रीतबी पाळायची. पाणी पाजायचं."

आजीला शेवटपर्यंत काही कळलं नाही. आता मामाही राहिला नाही. पोरगा मोठा झालाय आणि मामासारखाच कॅन घेऊन हिंडतो. दवाखान्यातून आलो त्या दिवशी म्हाताऱ्या गोदामायच्या मांडीवर बाळ ठेवलं, तेव्हा पाण्याची वाटी आजीनंच भरून आणली. "पाज गोदा, पोटभर पाज," ती म्हणाली. मामा दाराआड तांब्या हातात धरून उभा होता. जन्मभराचा तहानलेला माणूस, पण त्याला घोट घेववेना.