तोमासीचं नाव वर

तव्यावर रोटी फुगत होती आणि ह्यांचा डबा भरायचा होता, तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. मकेरेता. एरवी ती पुढच्या दारानं येते, फाटकापासूनच हाका मारत. आज मागून आली आणि ओट्यावर बसली.

"चहा टाकू का गं?"

"टाक. साखर नेहमीएवढीच घाल. दुःखात कडू कशाला प्यायचं?"

आमच्या फिजीतल्या सावुसावूच्या बाजारात मकेरेताचं खोबरेल कोण ओळखत नाही? नवरा गेल्यावर तिनं घाणा सुरू केला. हॉटेलवाले तेल मागायला लागले, पण त्यांना पक्की पावती हवी, म्हणून कंपनी काढली. अर्ज लिहिणाऱ्यानं विचारलं, संचालक कोण? तिनं सांगितलं, तोमासी. मोठा भाऊ असताना आपलं नाव वर घालायचं म्हणजे त्याच्या डोक्यावर बसणं. तोमासी होडीवरचा माणूस, घाण्याला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं.

आणि आमच्याकडे वयात आलेले बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नसतं, तो मान असतो. निरोप नेणारी तोमासीची बायको, सलोते. तीच कागद घेऊन गेली. "नणंदबाई म्हणतात, सही करा." त्यानं केली. कशावर, ते विचारलं नाही.

तेल खपलं. गिऱ्हाइकांकडून घेतलेला कर मकेरेता बिस्किटाच्या डब्यात वेगळा ठेवायची. पण कुणाच्या मयतात द्यायच्या चटया, कुणाच्या पोराची फी, सगळं त्या डब्यातूनच जायचं. नात्यातल्यानं मागितलं आणि घरात असलं, तर नाही कसं म्हणायचं?

"सरकारचे पैसे आहेत म्हटलं असतं, तर म्हणाले असते, सरकार काय तुझा मामा लागतं?" ती म्हणाली. "मी म्हटलं, पुढच्या हंगामात एकदम भरीन. नोटिसा यायच्या, मी पुढचा हंगाम बघायची."

गेल्या वर्षी सलोते लेकीच्या बाळंतपणाला ऑकलंडला गेली आणि तिथंच अंथरुणाला खिळली. तोमासी निघाला, तर विमानतळावर अडवला. तुमच्या कंपनीचा कर थकलाय, भरल्याशिवाय देश सोडता येणार नाही.

"कुठली कंपनी?" असं त्यानं विचारलं म्हणे.

मकेरेतानं घाणा विकला, कर आणि दंड भरला. बंदी उठेपर्यंत सलोतेला माती दिलेली होती. लेकीनं फोनवरून प्रार्थना ऐकवली तेवढीच.

चहाचा कप तिच्या हातात तसाच होता.

"त्यानंतर काही बोलला नाही का तो?"

"कुणाशीच नाही. शनिवारी त्याच्याकडचे मासे येतात अजून, पोरांच्या हाती. चांगले, मोठे. माझ्या घशाखाली उतरत नाहीत. एखादी शिवी पाठवली असती ना, तर बरं झालं असतं."

"पाद्रीबाबांना सांग की मध्ये पडायला."

"ते प्रवचन देतील. तो मान हलवील." तिनं कप ओट्यावर ठेवला. "मला त्याच्याशी बोलता येत नाही, आणि मधे निरोप नेणारी गेली. त्याला मीच पोचू दिलं नाही तिच्यापाशी."

मी रोट्या झाकल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

"तू जाशील का त्याच्याकडे?" ती म्हणाली. "माफी मागू नकोस माझ्या वतीनं. एवढंच सांग, मकेरेतानं तुझं नाव घातलं, आणि त्यानं काय होऊ शकतं ते तुला कळवलं नाही."