एक कोयता, दोन चिठ्ठ्या

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता. आम्ही दोघांनी उमेदीची सगळी वर्षं तसाच ऊस तोडला आणि आगाऊ पैशांची उचल मात्र मुकादमाने नेहमी माझ्याच हातात ठेवली. ते वळण अंगात इतकं मुरलं, की म्हातारपणी मी दुखणीही कोयत्यावरच मोजू लागलो.

मला शुगर, बीपी आणि गुडघे. गावातल्या शिबिरात बायकोलाही शुगर-बीपी निघाली, तेव्हा खरं सांगतो, मला बरंच वाटलं. दुखणं एक, म्हणजे दवाखाना एक. जवळच्या कडा गावातल्या डॉक्टरकडे मी एकटाच जायचो. एकाची फी, एकाचं जीपभाडं. आणि माझ्याच चिठ्ठीवर गोळ्या दुप्पट आणायचो. निराधार योजनेचा सरकारी पगार दोघांनाही मिळतो. ती अंगठा लावायची, नोटा मी उचलायचो. वाचलेल्या पैशांत गुडघ्याचं तेल यायचं आणि, आता लिहूनच टाकतो, भजीही यायची.

एका एकादशीला ती अंगणातच कोसळली. लेक गावातच दिलेली, ती धावत आली. साखरपाणी पाजून आईला शुद्धीवर आणलं आणि मग तोंड सोडलं.

"माय, उपास करू करू मरतीस का काय?"

"मी रोज हेच सांगतो," मी म्हणालो.

गल्लीनेही तिलाच बोल लावला. तिचा लग्नापासूनचा उपास बंद झाला. पुढच्या एकादशीला भाकरी समोर घेऊन ती अशी बसली, जणू चोरीच्या मालासकट धरली होती. मी मान खाली घालून माझी भाकरी मोडत राहिलो.

शेवटी लेकीने दोघांनाही कड्याला नेलं. डॉक्टरने तिचं रक्त तपासलं, गोळ्यांचं पाकीट उलटसुलट पाहिलं.

"आजी, शुगर तर थोडीच आहे. एवढ्या जोराच्या गोळीनेच साखर उतरते. कुणी दिली ही?"

"मालकांनी."

"मालक डॉक्टर आहेत का?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पोरी, उपासाला नावं ठेवू नको. गोळी माझी हाय. मीच चारली तिला."

बायको पदरात तोंड लपवून हसली. "डॉक्टरसाहेब, ह्यांनी उचल कधी वाटली न्हाई. गोळ्या मातर लई इमानदारीनं निम्म्या दिल्या."

आता तिची चिठ्ठी वेगळी आहे, हलकी गोळी आहे आणि डॉक्टरला विचारून फळं खात उपासही सुरू आहे. पगाराच्या नोटा तिच्या कमरेच्या पिशवीत जातात. गल्लीत मात्र अजून तिच्या हट्टाचीच गोष्ट सांगतात, म्हणून हे लिहिलं.

परवा कड्याहून परतताना जीपवाल्याने सवयीने माझ्यापुढे हात केला. तिने आधी आपलं भाडं दिलं.

"ह्यांचं ह्यांच्याकडून घे बाबा. अर्धा कोयता हाय त्यो."

जीपभर हशा पिकला. मी खिसा चाचपला. भज्यांपुरते पैसे होते, तेच दिले.