बाबल्याच्या हातचे डोळे

बाबल्या गणपती करणाऱ्यांच्या घरातला, पण त्याचा जीव मातीपेक्षा भिंतींत जास्त. जरा मोकळीक मिळाली की पेन्सिल घेऊन थिबाराजाच्या वाड्यासमोर जाऊन बसायचा. राजा वारलेला, राणी निघून गेलेली, आत शिरायची सोय नाही. मग हा बाहेरच्या खिडक्या बघायचा, आत जिना कुठे असेल, दालनं कशी असतील याचा अंदाज बांधायचा आणि नकाशा काढायचा. ड्रॉइंगमास्तरांनी ते कागद एकदा निरखून पाहिले. म्हणाले, "मुंबईस जा. तिथे इमारतींचे नकाशे शिकवतात." झालं, तेव्हापासून बाबल्याच्या डोक्यात मुंबईच.

अडचण एकच. तिथे नाव घालायचं जूनमध्ये, आणि इथे तेव्हाच गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडायची ती पडवी, ऐन भरात. मूर्ती भिकाजीकाका करी, रंग काकी लावी, पण डोळ्यांची आखणी बाबल्याचीच. काका दर साली म्हणे, "एवढे गणपती होऊन जाऊंदे, मग खुशाल जा." गणपती होईतो मुंबईची दारं बंद.

एका साली बाबल्याने डोकं चालवलं. डोळेच बिघडले तर कोण कशाला अडवील? सगळ्या मूर्तींची बुबुळं त्याने किंचित नाकाकडे सरकवली. देवाच्या डोळ्यांशी खेळ म्हणजे काय थट्टा आहे?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेजारची म्हातारी आनंदीबाई मूर्ती न्यायला आली. बघतच राहिली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली.

"भिकाजी, हा माझ्याकडेच बघतोय की रे."

"बघणारच. आखणी कोणाची?" काका मिशीत हसला.

"मेल्या बाबल्या, एवढी वर्षं असे का नाही काढलेस?"

हसावं की रडावं, बाबल्याला कळेना. गणपती पाण्यात गेले, पण ती गोष्ट काही बुडली नाही. थेट लांज्यापर्यंत पोचली.

तेव्हा बाबल्याने ठरवलं की आता कोणाला विचारायचं नाही. पुढल्या वैशाखात, पावसाआधीच्या शेवटच्या बोटीच्या दिवशी, काका आंघोळीला गेलेला बघून त्याने ट्रंक उचलली. अंगणात पाय टाकतो तर समोर आनंदीबाई, काखेत पाट. मूर्ती सांगायची म्हणजे आपला पाट शाळेत नेऊन द्यायचा, ही रीत. एरवी पाट यायचे ते पाऊस लागल्यावर.

"बरा भेटलास. यंदा लांज्याची माणसंही मूर्ती सांगायला येणार म्हणतात, म्हणून मी आधीच आले. धर."

बाबल्याने ट्रंक खाली ठेवली, दोन्ही हातांनी पाट घेतला आणि कपाळाला लावला. लहानपणापासून घेत आला तसाच. घेतला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. शाळेत घेतलेला पाट रिकामा परत जात नाही.

"आजी, मी मुंबईस चाललो होतो."

"जा की. मी कुठे अडवत्ये? चतुर्थीआधी डोळे तेवढे काढ."

पावसात बोटी बंद, भाद्रपदाआधी परतीची बोट कुठून यायची, हे तिला कोण सांगणार? ती केव्हाच फाटकाबाहेर पडली होती. न्हाणीतून काका ओरडला, "कोण आलं रे? पाट असेल तर नाव घाल, मागाहून घोळ नको."

बंदरावर बोटीचा भोंगा झाला तेव्हा बाबल्या पडवीत पाट उलटा घेऊन बसला होता. आनंदीबाईचं नाव अर्धं लिहून झालं होतं.